बंद दार आणि वेदीपुढचे अर्पण

ख्रिस्ती परंपरेत आत्मिक खोली म्हणजे धर्मज्ञानाचा साठा नव्हे किंवा उत्कट भावनांचे वारंवार येणारे भरतेही नव्हे. माणसाचे मन देवासमोर किती उघडे पडते आणि त्या उघडे पडण्याने त्याचे रोजचे वागणे किती बदलते, यावरून ती ओळखली जाते. निखळ नाते म्हणजे ज्यात समोरच्याकडून काही काढून घ्यायचे नसते, ज्यात त्याला खरे सांगता येते आणि त्याच्याकडून खरे ऐकूनही घेता येते, असे नाते. या दोहोंपैकी आधी काय जोपासावे, हा वाद जुना आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याला वेगळी धार येते, कारण इथे ख्रिस्ती माणसे थोडी आणि विखुरलेली आहेत, एका मंडळीपासून, म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायापासून, दुसरी मंडळी बरीच दूर असते, आणि शेजारी बहुधा वेगळ्या श्रद्धेचा असतो. एकांत हवा असेल तर जंगल आहेच. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि तिथे कोणालाही शेजाऱ्यावाचून दिवस काढता येत नाहीत.

या वादाचे दोन पक्ष पुढे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडून मांडले आहेत. एक आहेत चंद्रपुरातले निवृत्त पाळक, ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’च्या परंपरेतले; अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाले. दुसऱ्या आहेत गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या खेड्यांत आयुष्यभर नोकरी केलेल्या कॅथलिक परिचारिका. दोघांचे पंथ वेगळे असले तरी वाद पंथांचा नाही.

“सिस्टर,” पाळकांनी आरंभ केला, “मंडळीत आज कार्यक्रमांना तोटा नाही. घरसभा आहेत, उपवास-प्रार्थना आहेत, नाताळची तयारी महिनाभर आधीपासून चालते. पण एखाद्याला बाजूला घेऊन विचारावे की गेल्या आठवड्यात देवापुढे बसल्यावर काय उमगले, तर तो गप्प होतो, कारण तो बसलेलाच नसतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू कफर्णहूमात संध्याकाळभर आजाऱ्यांनी वेढलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, सगळे वाट पाहत आहेत म्हणाले. तरी तो त्या गर्दीकडे परतला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. लोकांच्या मागणीपासून मोकळे होण्याचे बळ त्याला त्या पहाटेने दिले. ज्याला हे बळ नाही, त्याची नाती म्हणजे केवळ गरज आणि भिडेखातर चाललेला व्यवहार.”

परिचारिकेने हा दाखला नाकारला नाही, पण तो कोणाला परवडतो, हा प्रश्न तिने पुढे केला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. पण ज्या घरात एकच खोली आहे, जिथे चूल, आजारी सासू, अभ्यास करणारी पोरे आणि पावसात आत आणलेली शेळी एकाच छपराखाली असतात, तिथल्या बाईने कोणते दार लावायचे? “आणि पाळकसाहेब, एकांताला आणखी एक धोका आहे. तिथे उलट बोलायला कोणी नसते. पहाटे तासभर प्रार्थना करणारा माणूस मनाने किती नम्र झाला, हे त्याला स्वतःला कळत नाही; ते त्याच्या बायकोला कळते, त्याच्या हाताखालच्या माणसाला कळते.” तिच्या म्हणण्यामागे चौथ्या शतकातल्या एका थोर आचार्याचा आधार होता. कप्पदुकियातल्या कैसरियाचे बिशप बासिल यांनी संन्यस्तांसाठी नियम लिहिताना एकट्याने राहण्यापेक्षा समुदायात राहण्याची बाजू घेतली, आणि जो एकटाच राहतो तो कोणाचे पाय धुणार, असा प्रश्न केला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे नुसते ऐकून कोणी नम्र होत नाही. त्यासाठी धुळीने माखलेले दुसऱ्याचे पाय समोर असावे लागतात.

हाच पेच या प्रदेशातल्या कॅथलिक कार्याच्या मुळाशी आहे, आणि तो इथे आला केरळातून. बल्लारपूर हे सिरो-मलबार पंथाच्या चांदा (म्हणजे चंद्रपूर) धर्मप्रांताचे केंद्र. सिरो-मलबार म्हणजे प्रेषित थोमाची परंपरा सांगणारा, रोमच्या पोपशी एकनिष्ठ असलेला पौर्वात्य उपासनापद्धतीचा पंथ. १९६२ मध्ये चांदा हे केरळबाहेरचे त्याचे स्वतंत्र मिशनक्षेत्र झाले, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, आणि त्याची धुरा सुरुवातीला सीएमआय या संघाच्या धर्मगुरूंनी वाहिली. या संघाच्या जन्माची हकीकत इथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. पलक्कल थॉमा, पोरूकरा थॉमा आणि पुढे संतपदाला पोहोचलेले चावरा कुरियाकोस एलियास या तिघांनी संघाचा पाया घातला. यातल्या दोघा ज्येष्ठांना मुळात हवे होते ते एक तपोगृह, जगापासून दूर ध्यानधारणा करण्याची जागा. बिशपांकडे परवानगी मागायला गेल्यावर उत्तर आले ते अडवणारे आणि तरीही वाट दाखवणारे: शिकवू शकणारी माणसेच एकांतात गेली तर लोकांना वळण कोण लावणार? म्हणून तपोगृहाऐवजी मठ उभारायचे ठरले, ११ मे १८३१ रोजी मान्नानमच्या टेकडीवर पायाभरणी झाली, आणि पुढे त्या मठाभोवती शाळा, छापखाना, धर्मगुरूंचे शिक्षण असा कामाचा मोठा पसारा उभा राहिला.

पाळकांना या हकीकतीत स्वतःच्या बाजूचा पुरावा दिसला. “आधी त्यांना एकांताची तहान लागली होती, म्हणून त्यांचे काम टिकले. आज इमारत आधी उभी राहते, तहान नंतर लागेल असे गृहीत धरले जाते.” परिचारिकेने तीच हकीकत उलट बाजूने वाचली: बिशपांच्या त्या प्रश्नानेच त्या तहानेला योग्य दिशा मिळाली, नाही तर टेकडीवर तीन पुण्यवान माणसे राहिली असती आणि पायथ्याचे लोक होते तसेच राहिले असते. दोन्ही वाचने आपापल्या जागी खरी आहेत. पण संस्थापकांनी एकांताची ओढ सोडली नाही, ती रोजच्या कामाच्या पोटात ठेवली, आणि तिथे ती सांभाळणे टेकडीवरच्या शांततेपेक्षा कितीतरी कठीण असते. पाच गावांत फिरणारा, शाळेचा हिशेब पाहणारा, रात्री फोन आला की जीप काढणारा धर्मगुरू प्रार्थनेचा वेळ कामाला देऊन टाकतो तेव्हा त्याला दोष देणे सोपे असते. पण त्या वेळेची चोरी लोकच करत असतात, आणि त्यांनाही ते कळायला हवे.

संवादाला खरी कलाटणी मिळाली ती व्हेरिअर एल्विन यांच्या उल्लेखाने. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हे तरुण इंग्रज धर्मोपदेशक १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या प्रभावाखाली आले, आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला सोबत घेऊन मैकल पर्वतातल्या करंजिया या गोंड वस्तीत राहायला गेले. तो भाग तेव्हा नागपूरच्या बिशपांच्या अधिकारात होता, आणि बिशप होते अलेक्स वुड, ज्यांनी त्याआधी चांद्याच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले होते आणि त्या मिशनवर १९०६ मध्ये पुस्तकही लिहिले होते. म्हणजे गोंडांचा प्रदेश दोघांनाही आपला वाटत होता. एल्विन राजनिष्ठेची हमी द्यायला तयार नव्हते, बिशपांनी त्यांना धर्मोपदेशकाचा परवाना दिला नाही, आणि १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चशी असलेले नातेच तोडले.

परिचारिकेच्या मते या प्रकरणात चर्च हरले. “जो माणूस काहीही पदरात पाडून घेण्याची अट न घालता लोकांत राहायला गेला, त्याला चर्चने कागद मागितला. गावकऱ्यांनी एल्विनना बडाभाई आणि शामरावांना छोटाभाई म्हटले. हे नाव कोणत्याही परवान्याने मिळत नाही.”

पाळकांनी यावर बराच वेळ काही म्हटले नाही, आणि मग जे म्हटले ते या संपूर्ण संवादातले सर्वांत जड वाक्य होते. “सिस्टर, कोसीचे काय?” कोसी ही राजगोंड मुलगी, एल्विन यांच्याच शाळेतली विद्यार्थिनी; १९४० मध्ये त्यांनी तिच्याशी लग्न केले, आणि १९४९ मध्ये घटस्फोट झाला. तिच्या पुढच्या हालअपेष्टांची कहाणी उशिरा जगापुढे आली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात एल्विन यांनी या नात्याला अगदी थोडी जागा दिली आहे. पाळकांचा मुद्दा एल्विन यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, लोकांवर प्रेम आहे एवढ्याने नाते निखळ होत नाही. ज्याच्याजवळ विद्या, पैसा आणि प्रतिष्ठा आहे त्याने ज्याच्याजवळ यांपैकी काही नाही त्याच्याशी नाते जोडले, तर त्याला रोज कोणापुढे तरी जाब द्यावा लागतो, आणि चर्चची शिस्त, पापकबुली, वडीलधाऱ्यांचा धाक या गोष्टी त्या जाबासाठीच असतात. त्या झुगारल्यावर मागे उरते ती एकट्याची सदिच्छा, आणि तिच्यावर कोसीसारख्यांनी किती विसंबावे?

परिचारिकेने हे मान्य केले, आणि मान्य करून ती एक पाऊल पुढे गेली. इथे तिचे म्हणणे पाळकांपेक्षा अधिक खोलवर पोहोचते असे म्हणावे लागेल. हीच विषमता चर्चच्या आतही आहे, असे तिने दाखवले. मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा, मिशनचे वसतिगृह: या सर्वांनी वनजिल्ह्यांतल्या अनेक घरांना आधार दिला आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञ असणे योग्यच आहे. पण ज्याच्या मुलीची फी धर्मगुरूंनी भरली आहे, तो धर्मगुरूंना तोंडावर चूक कसा म्हणेल? ज्याला पाळकांच्या शब्दावर नोकरी लागली, तो पाळकांच्या प्रवचनातली पोकळी कशी दाखवेल? देणारा सत्याची अपेक्षा करतो आणि घेणारा त्याला कृतज्ञता देतो. दोघेही एकमेकांना चांगले म्हणत राहतात आणि त्यांच्यात नाते असे काहीच घडत नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली, त्यामागे हीच अस्वस्थता असावी असे समजायला जागा आहे: मिशनचा पगार घेणाऱ्याची साक्ष लोक पगाराची भाषा म्हणून ऐकतात.

मग सामान्य मंडळीने करावे काय? उपदेश पुरेसा नाही, यावर दोघांचेही एकमत होते. काही तरी घडण, काही तरी ठरलेली रीत लागते. परिचारिकेने यासाठी दोन उदाहरणे दिली, आणि त्यांतले जवळचे उदाहरण ख्रिस्ती नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंड गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून ओळखले जाते. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे जी कार्यपद्धती रुजली, तिचे दोन भाग आहेत. ग्रामसभा निर्णय घेते, तो बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. आणि ग्रामसभेच्या बाजूला अभ्यासगट असतो, ज्यात कोणीही येऊन बसते, एखादा विषय कितीही दिवस चघळला जातो, बाहेरचा जाणकारही बोलावला जातो, पण अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नसतो. परिचारिकेने बोट ठेवले ते या शेवटच्या गोष्टीवर. अधिकार नसतो म्हणूनच तिथे माणसे मोकळेपणी बोलतात. हरण्या-जिंकण्याचा प्रश्नच येत नाही. मंडळीच्या पंचकमिटीत सत्य बाहेर येत नाही, कारण तिथे प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी बाजूने मोजले जाते.

दुसरे उदाहरण जॉन वेस्लींच्या मेथॉडिस्ट चळवळीतले. १७४२ मध्ये ब्रिस्टॉलच्या प्रार्थनामंदिरावरचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले, आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करायची असे ठरले. पैसे मागायला गेलेल्या या माणसांना घराघरांतली खरी स्थिती दिसली: कुठे दारू, कुठे भांडण. त्यातून ‘वर्ग’ नावाची साप्ताहिक बैठक जन्माला आली, जिथे प्रत्येकाने आपल्या आत्मिक प्रकृतीविषयी खरेखुरे बोलायचे असे. या चळवळीचे टिकाऊपण मोठ्या सभांपेक्षा या लहान बैठकांत होते.

“आपल्याकडे हे आपोआप घडते, फक्त त्याला कोणी उपासना म्हणत नाही,” परिचारिका म्हणाली. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम आला की सारे घर पहाटे जंगलात जाते, आणि दुपारी आणलेल्या पानांचा ढीग मध्ये ठेवून सावलीत पुडे बांधायला बसते. फाटकी पाने बाजूला काढायची, बाकीची एकावर एक रचायची, सत्तर झाली की सालीच्या दोरीने आवळायची. हात गुंतलेले असतात, नजर पानांवर असते, आणि नजर एकमेकांवर नसल्यामुळेच वर्षभर न बोललेली गोष्ट सुनेच्या तोंडून सासूपुढे निघते. कधी रडून, कधी नुसतीच. चर्चमध्ये प्रभुभोजनापूर्वी समेट करा असे सांगितले जाते, पण समेटाला लागणारी अशी दुपार कोणी राखून ठेवत नाही.

पाळकांचा यावरचा आक्षेप अनुभवाचा होता. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे सांगितले आहे, हे खरे. पण चाळीस उंबऱ्यांच्या गावात एकाजवळ कबूल केलेले पाप आठवडी बाजारापर्यंत पोहोचते. मंडळीतल्या एका बाईने घरसभेत नवऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती करायची, आणि तीच विनंती पुढच्या आठवड्यात गावभर बातमी म्हणून फिरायची, असे घडते. त्यानंतर ती बाई फक्त परीक्षेसाठी आणि पावसासाठी प्रार्थना मागते. कॅथलिक धर्मगुरूला कबुलीचे गुपित कोणत्याही परिस्थितीत फोडता येत नाही, तसे बंधन घरसभेतल्या शेजाऱ्यावर नसते. “म्हणून सिस्टर, पुन्हा एकांतच येतो. ज्याला देवापुढे गप्प बसण्याची सवय नाही, त्याला दुसऱ्याचे दुःख पोटात ठेवता येत नाही. ते त्याच्या तोंडून सांडतेच.”

हा युक्तिवाद परिचारिकेला सर्वांत जास्त पटला, कारण तिच्या नोकरीचे ते रोजचे व्रत होते: कोणाला कोणता आजार आहे, कोणाचे मूल कोणाचे नाही, हे सर्व माहीत असून पाणवठ्यावर गप्प राहायचे. डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मचिंतकाने फिंकनवाल्डे इथल्या धर्मविद्यार्थ्यांच्या सहजीवनावर १९३९ मध्ये जे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात एकटे राहू न शकणाऱ्याला समुदायापासून सावध केले आहे आणि समुदायात नसलेल्याला एकांतापासून. पाळक आणि परिचारिका वेगवेगळ्या टोकांनी याच निष्कर्षापर्यंत आले होते. पण नुसते दोन्ही हवे असे म्हणण्याने प्रश्न सुटत नाही, कारण चोवीस तासांत कोणाच्या वाट्याला किती, हे ठरवावेच लागते. इथे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला आदेश निर्णायक वाटतो: वेदीपाशी अर्पण आणल्यावर तिथे आठवले की भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवते ते वेदीपाशीच, म्हणजे देवापुढे उभे राहिल्याशिवाय ते आठवत नाही. पण एकदा आठवल्यावर उपासना थांबवून निघावे लागते. गालीलातून यरुशलेमातल्या मंदिरात आलेल्या माणसासाठी ही वाट कित्येक दिवसांची होती, आणि तरीही आदेशात सवलत नाही.

शेवटी दोघांनी एका बैठकीची रूपरेषा ठरवली. सात-आठ जणांपेक्षा जास्त नकोत. निर्णयाचा, पैशाचा किंवा पदाचा विषय निघणार नाही. सुरुवातीचा अर्धा तास कोणी बोलणार नाही, ही पाळकांची अट. ज्याला जी भाषा घरात येते, मग ती मराठी असो, माडिया असो की सिरोंचाकडची तेलुगू, तीत तो प्रार्थना करील, ही परिचारिकेची अट. आणि पाळक बैठकीला आले तर ते बाकीच्यांसारखेच सतरंजीवर बसतील, खुर्ची मांडली जाणार नाही. यावर पाळकांनी थोडे थांबून होकार दिला, आणि आत ऐकलेले बाहेर नेणाऱ्याला पुन्हा बोलावले जाणार नाही, ही एक अट जोडली.

मतभेद उरला तो एकाच गोष्टीवर. बाप्तिस्मा न घेतलेला शेजारी, गोंड किंवा हिंदू किंवा बौद्ध, या बैठकीत बसू शकतो का? परिचारिकेच्या मते त्याला बसू द्यायलाच हवे, कारण धर्मांतराच्या संशयाने गढूळ झालेल्या वातावरणात, ख्रिस्ती माणसे दार लावून काय बोलतात हे शेजाऱ्याला दिसले पाहिजे, आणि त्याला आपल्या बाजूला ओढण्याचा हेतू मनात नाही हे ख्रिस्ती माणसालाही स्वतःला तपासून पाहता आले पाहिजे. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत हीच त्यांची कल्पना होती. पाळकांनी आठवण दिली की टिळक १९१९ मध्ये वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. सीमा नसलेली संगत संस्थापकाच्या वजनावर उभी राहते. परिचारिकेचे उत्तर असे की, टिळकांना दोनच वर्षे मिळाली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रयोग अजून कोणी मनापासून करूनच पाहिलेला नाही. बैठक पहिल्या पावसाआधी, तेंदूचा हंगाम उलटल्यावर सुरू करावी, आणि शेजाऱ्याचा प्रश्न तिच्यातच, सर्वसहमती होईपर्यंत, उघडा ठेवावा, एवढे मात्र पाळकांनी मान्य केले.